वीस मिनिटं उकळलेलं पाणी

जयपूर, ९ एप्रिल २००६
रविवार

मैथिली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असशील तर आधी एवढंच वाच. मयूरीताईला बाळंतपणाला जयपूरला आणू नका. आणलंच, तर तुमच्या घरच्या नळाचं पाणी बाळाच्या तोंडाला लागू देऊ नका.

आता फाड.

फाडलं नसशील तर सांगतो. तुझा पत्ता मोनालीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन दिवस तिच्या ऑफिससमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो, शेवटी तिलाच लाज वाटायला लागली. फोन नंबर मात्र दिला नाही. "मैथिलीनं शपथ घातलीय," म्हणाली. ठीक आहे. शपथेत पोस्टाचं नाव नसणार.

दीड वर्ष झालं, मी तुमच्याच कॉलनीत पंप ऑपरेटर आहे. गिरिधर विहार, जगतपुरा. दोनशे बारा घरं, दोन बोअर, एक टाकी आणि एक मी. तुझ्या बाबांनीच ठेवलं, कॉलनीच्या विकास समितीचे सचिव म्हणून. तू विचारशील, जयपुरात दुसरे पंप नव्हते का? होते. पण टाकीच्या शिडीवरून तुमची गच्ची दिसते. झालं समाधान? तू पुण्याला गेलीस हे मला नोकरीला लागल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी तुझ्या आईच्या कुरडया बघत होतो.

हे प्रेमपत्र नाही. मुद्द्यावर येतो.

एक नंबरचा बोअर फाटकाजवळ आहे. जुना आहे, पाणी गोड, पण उन्हाळ्यात तासाभरात दम तोडतो. दोन नंबरचा पार्कच्या मागे, सहा घरांच्या शोषखड्ड्यांच्या मधोमध खोदलेला. कॉलनीत गटार लाईन नाही हे तुला माहीतच आहे. मार्चपासून टाकी जवळजवळ दोन नंबरवरच भरते. मी त्यात ब्लीचिंग पावडर टाकतो, जंतू मरतात. पण जे जंतू नाही ते ब्लीचिंगनं मरत नाही. मागच्या महिन्यात काकूंनी मला पेढा दिला, "मयूरीकडे गोड बातमी आहे, बाळंतपणाला इथेच येईल," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन नंबरचं पाणी बाटलीत भरून मालवीय नगरच्या एका लॅबला स्वतःच्या नावानं दिलं. नायट्रेट एकशे शहाऐंशी आलं. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत हवं. दुसरं पाणीच नसेल तर शंभरपर्यंत चालवून घेतात. एकशे शहाऐंशी कुणीच चालवून घेत नाही.

समितीच्या फाईलीतल्या रिपोर्टमध्ये चौतीस लिहिलं आहे. ते कसं, ते समितीला विचार.

मोठ्या माणसांना याचं काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात मात्र हे पाणी गेलं की रक्त प्राणवायू धरून ठेवत नाही. बाळ निळं पडतं. हे मी तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात वाचलंय आणि तूही वाचलंयस, आपण एकाच बाकावर बसून वाचलंय.

ताईला सांग. माझं नाव सांगू नकोस वाटल्यास.

राजरत्न


जयपूर, २६ एप्रिल २००६

मैथिली,

सतरा दिवस झाले. पुण्याहून जयपूरला पत्र पाच दिवसांत येतं, पोस्टमास्तरला विचारून आलो. मतलब तू उत्तर दिलेलं नाहीस. नको देऊस. मी उत्तरासाठी लिहीत नाहीये.

ताई परवा आली. मीच फाटक उघडलं. पोट सांभाळत रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "राजरत्न ना तू? मैथिलीच्या वर्गातला? किती वाळलास रे!" तुमच्या घरात मला नावानं हाक मारणारी ती दुसरी. पहिलं कोण, ते सांगायला नको.

त्याच दिवशी मी काकांकडे गेलो. रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, घडी घातली आणि आपल्या पेनाखाली ठेवला, जसं काही मी लग्नाची पत्रिका दिली होती.

"मग?" म्हणाले.

"दोन नंबर बंद करू या, काका."

"आणि दोनशे बारा घरांना काय पाजू? तुझं डोकं तापलं की घाम येतो तो?"

"टँकर मागवा. नवा बोअर घ्या कॉलनीच्या बाहेर. निदान नोटीस लावा की लहान बाळांना हे पाणी देऊ नका."

"म्हणजे उद्यापासून कॉलनीत कुणी भाडेकरू येणार नाही आणि सगळे माझ्या दारात. अरे बाळा, आमच्याकडे पाणी वीस मिनिटं उकळतात. घड्याळ लावून. बत्तीस वर्षं रेल्वेत काढली, भुसावळ, रतलाम, कोटा, दर बदलीत पाणी बदललं, पण घरात एकाला कावीळ झाली नाही."

"काका, आमटी खारट झाली तर आपण ती अजून उकळतो का? आटली की आणखी खारट होते. याचं तसंच आहे. जंतू मरतील, पण हे वाफेत जात नाही. वीस मिनिटं उकळलं की पाणी कमी होतं आणि विष तेवढंच राहतं."

आत काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचे हात थांबलेले मी पाहिले. पण काकांना राग आला.

"आता तू मला आमटी शिकवणार? थर्ड इयर नापास!"

"नापास नाही. सोडलं."

"त्यात काय मोठा फरक?"

फरक आहे, मैथिली, आणि तो तुमच्या घरात तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत मशीन बंद होतं म्हणून सर म्हणाले, मागच्या वर्षीच्या फाईलीतले आकडे उतरवा. सगळ्यांनी उतरवले. तूही उतरवलेस. मी ती जुनी फाईल फाडली आणि भर वर्गात तुला भित्री म्हणालो. सरांना काहीच म्हणालो नाही, तुला म्हणालो. सरांनी माफी माग म्हटल्यावर मी कॉलेजात पाऊल ठेवलं नाही.

फाईल फाडली ते बरोबर होतं. तुला भित्री म्हणालो ते चूक होतं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला मला तीन वर्षं लागली.

ताईला फोन कर. तुझं ती ऐकेल.

राजरत्न


जयपूर, १४ मे २००६
रविवार

मैथिली,

मोनालीचा फोन आला होता. तू तिला म्हणालीस म्हणे, "त्याला माझ्याशी बोलायला निमित्त हवं होतं, ते सापडलं. पाण्याचं काही नसणार. बाबांनी रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला, चौतीस आहे."

मी फोन आपटला. बिचारा लॅंडलाईन, बाबांचा, रेल्वे क्वार्टरमधला. फुटला नाही. रेल्वेची वस्तू.

हो, मला निमित्त हवं असतं. तू दिल्लीला जाणाऱ्या गाडीत बसली असतीस तर मी सिग्नल लाल करायला गेलो असतो. पण कुणाच्या तान्ह्या बाळाचं निमित्त करायला मी एवढा घाणेरडा नाही. तुला तसं वाटलं, हे मात्र मी विसरणार नाही.

आणि आता चौतीसचं ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, समितीला विचार. ते भित्रेपणाचं होतं. हा शब्द मी फार स्वस्तात वाटत आलोय, आता स्वतःला घेतो.

चौतीस मी आणलं.

रेल्वेत मोठ्या साहेबाचं इन्स्पेक्शन असलं की काय होतं ते तुझ्या घरी नि माझ्या घरी सारखंच माहीत आहे. आठ दिवस आधी दगडांना चुना लागतो, फुटक्या कुंड्या गोडाऊनमध्ये जातात, प्लॅटफॉर्मच्या नळाला नवी तोटी बसते. साहेबाचा खास सलून डबा गेला की तोटी परत स्टोअरमध्ये. याला आपल्यात कुणी खोटं म्हणत नाही. इन्स्पेक्शन म्हणतात. माझे बाबा गार्ड आहेत, त्यांनीही चुना मारलेला आहे, आणि लहानपणी मी त्यांना बादली धरून दिलेली आहे.

दर फेब्रुवारीत लॅबचा माणूस पाण्याचा नमुना न्यायला येतो. काकांनी पहिल्या वर्षी मला बोलावलं. "उद्या अकराला इन्स्पेक्शन आहे. दोन नंबरला विश्रांती दे. टाकी धुऊन एक नंबरनं भर." बस. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, मी शप्पथ सांगतो. पाहुणे येणार म्हणून चादर बदलावी तसं ते बोलले. मी टाकी धुतली, दोन नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला, एक नंबर चालवला. अकरा वाजता माणूस आला, टाकीखालच्या नळाला बाटली लावून गेला. दुपारी मी दोन नंबर सुरू केला. यंदा फेब्रुवारीत तेच.

मी दगडांना चुना मारण्याएवढा अडाणी नव्हतो. मला कळत होतं. ज्यानं खोटे आकडे नको म्हणून कॉलेज सोडलं, त्यानं खोटं पाणी भरलं. तू निदान कागदावर केलंस.

का केलं? त्या दिवशी काकांनी मला घरात बोलावून चहा दिला. तुमच्या बैठकीत. तुझा दहावीचा फोटो आहे ना, बक्षिसाच्या ढालीबरोबरचा, त्याच्या खालच्या खुर्चीत. घरी गेल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, "कपात दिला का कागदाच्या गिलासात?"

"कपात. त्यांच्याच."

"मंग बरं हाय," म्हणाली आणि भाकऱ्या करायला लागली.

त्या एका कपासाठी मी दोन वर्षं व्हॉल्व्ह फिरवला, मैथिली. मला वाटलं, फोटोखालच्या खुर्चीपासून फोटोपर्यंत फार अंतर नाही.

आता तुझ्याकडे माझ्याविरुद्ध लेखी पुरावा आहे. हवं तर काकांना दाखव. पण ताईला फोन कर.

राजरत्न


जयपूर, ८ जून २००६

मैथिली,

मावशी झालीस. अभिनंदन. मुलगा, वजन कमी आहे, नाक तुमच्याकडचं. तारखेच्या दहा दिवस आधीच आला. मी पाहिला नाही, वॉचमननं सांगितलं, कारण आता मी फाटकाबाहेर असतो.

झालं असं. तू काहीच केलं नाहीस. (केलं असशील आणि मला कळलं नसेल तर हे वाक्य खोड.) म्हणून एकोणतीस मेला मी माझ्या रिपोर्टच्या पंधरा झेरॉक्स काढल्या आणि कॉलनीच्या बोर्डावर, पार्कच्या फाटकावर, मंदिराच्या भिंतीवर चिकटवल्या. खाली मोठ्या अक्षरात हिंदीत लिहिलं, "दो नंबर का पानी दूधमुँहे बच्चों को मत दो. उबालकर भी नहीं." आणि दोन नंबरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचं हँडल काढून घेतलं.

मला वाटलं होतं लोक धावत येतील. आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. पण पाणी वाईट आहे म्हणून नाही, पाणी कमी आहे म्हणून. एक नंबर तासाभरात बसला, वरच्या मजल्यांवर थेंब नाही. एक बाई ब्रश तोंडात धरून मला शिव्या देत होत्या, फेसामुळे अर्ध्या कळल्या नाहीत.

मी ओरडून सांगितलं, "एकशे शहाऐंशी आहे!"

एक गृहस्थ म्हणाले, "भैया, एकशे शहाऐंशी असो की दोनशे, बाथरूममध्ये बादली भरून दे. आम्ही प्यायला फिल्टर लावलाय."

तो कँडलवाला फिल्टर, नुसता गाळ अडवणारा. त्यातून नायट्रेट हसत हसत पलीकडे जातं. हेही मी ओरडून सांगितलं. ओरडून सांगितलेलं खरं कुणाला खरं वाटत नाही, हे मला फार उशिरा कळतंय.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. काकांनी फाईल उघडून दोन वर्षांचे रिपोर्ट दाखवले. एकतीस, चौतीस. शिक्का, सही. "मुलगा भावनेच्या भरात आहे," म्हणाले. "कॉलेजही असंच सोडलं." माझ्याकडे बघितलं नाही. मी उभा राहून सांगू शकलो असतो, हे रिपोर्ट कसे आले. तोंड उघडलं. ताई दारात उभी होती, नऊ महिन्यांचं पोट घेऊन, बापाचं भाषण ऐकत. मी तोंड मिटलं.

तेव्हा बोललो असतो तर पुढचं झालं नसतं कदाचित. हे मी उगाच लिहीत नाहीये, मला याची शिक्षा हवी आहे आणि ती देणारं दुसरं कुणी नाही.

मला काढलं. हँडल परत घेतलं. दोन नंबर सुरू आहे. झेरॉक्स फाडल्या, मंदिरावरची एक राहिली आहे, पुजारीजींनी काढू दिली नाही. रोज कुणीतरी थांबून वाचतं म्हणे आणि नमस्कार करून जातं.

ताईला दूध कमी येतंय, म्हणून बाळाला वरचं पावडरचं दूध सुरू केलंय. हेही वॉचमननंच सांगितलं. तुला कळतंय ना मी काय लिहितोय? पावडर कशात कालवतात? बाळगुटी कशात उगाळतात? तुझी आई सगळं नीट करते. वीस मिनिटं उकळते. घड्याळ लावून.

पत्र नको लिहूस. फोन उचल आणि आईला सांग.

राजरत्न


जयपूर, २५ जून २००६
रविवार

मैथिली,

तुला घरून कळलंच असेल. पण घरचे सगळं सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. मी तिथे होतो.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी फाटकावर वॉचमनशी वाद घालत होतो. रेल्वे कॉलनीच्या नळाचं पाणी मी त्याच लॅबमध्ये तपासून घेतलं होतं, नायट्रेट फक्त बारा. त्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन सायकलला बांधून आणला होता. "एवढा काकूंना नेऊन दे," म्हणत होतो, तो म्हणत होता, "सचिवजींनी मना केलंय." तेवढ्यात तुमच्या घराकडून रिक्षा आली. ताई, काकू, काका. काकूंच्या हातात दुपटं. दुपट्यातून तोंड दिसलं. ओठ जांभळे. जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे. पण तीन आठवड्यांच्या बाळाला जांभूळ कोण देणार.

मी सायकल काढली. रिक्षाच्या मागे मालवीय नगरपर्यंत कशी चालवली ते आठवत नाही, कॅन रस्त्यात कुठे तरी पडला.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई बाळाच्या छातीला नळी लावून ऐकत होत्या. ऑक्सिजन लावला होता, तरी ओठ तसेच. हृदयाचं काही असेल, मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल, असं बोलणं चाललं होतं. बाईंनी विचारलं, "दूध किस पानी में बनाते हैं?"

काका म्हणाले, "उबला हुआ. बीस मिनट."

"बोरिंग का?"

"जी. पर पानी की पूरी जाँच होती है." आणि त्यांनी पिशवीतून फाईल काढली. विश्वास बसेल तुझा? नातू निळा पडलाय आणि माणूस घरून निघताना फाईल बरोबर घेतो. बत्तीस वर्षांची सवय. साहेब विचारेल, कागद हवा. बाईंनी वाचलं. चौतीस. मान हलवली. "तो फिर पानी का नहीं है."

मी पडदा सारून आत गेलो. "मॅडम, हा रिपोर्ट खोटा आहे," मराठीतच म्हणालो, मग हिंदीत. खिशातला माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला, घामानं ओला झालेला.

काका ओरडले, "याला बाहेर काढा! याला नोकरीवरून काढलंय, सूड घेतोय!"

"काका, सूड घ्यायचा तर मी गप्प बसलो असतो."

"चालता हो!"

"जातो. पण सांगून जातो. मॅडम, हे चौतीसचं पाणी एक नंबरचं आहे. नमुन्याच्या दिवशी दोन नंबर मी बंद केला. माझ्या हातानं. काकांनी सांगितलं आणि मी केला. दोन वर्षं. बाळ पितंय ते दोन नंबरचं, एकशे शहाऐंशी, आणि उकळून उकळून त्याचं अजून किती झालंय ते देवाला माहीत."

काकू काकांकडे वळल्या. "अहो, खरं आहे का हे?"

काका फाईलीची दोरी बांधायला लागले. मैथिली, त्या वेळी मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या बोटांना ती दोरी बांधता येत नव्हती.

बाईंनी बाळाच्या टाचेला सुई टोचली आणि थेंब पांढऱ्या कापसावर घेतला. हवेत हलवला. रक्त लाल होईना. तपकिरीच राहिलं, चॉकलेटसारखं. बाईंचा चेहरा बदलला, त्या धावत गेल्या. मग मोठे डॉक्टर, मग शिरेतून एक निळं औषध. निळ्या बाळाला निळं औषध. मला वाटलं हे लोक वेडे आहेत. तासाभरात ओठ गुलाबी झाले. मग तो असा रडला की बाहेरचा कंपाउंडर हसायला लागला.

ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. काकू मात्र बाहेर आल्या. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "बरं, मग आता पाणी कोणतं द्यायचं?"

एवढंच. कोणी चुकलं, कोणी खोटं बोललं, ते नंतर. आता पाणी कोणतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक कॅन आणतो. फाटकापर्यंत. तिथून काकू स्वतः उचलून नेतात, कमरेवर, वॉचमनला हात लावू देत नाहीत.

राजरत्न


जयपूर, ६ जुलै २००६

मैथिली,

तुझं पत्र आलं. बाबांनी पाकीट हातात देताना म्हटलं, "पुन्याचं हाय," आणि अंगणात निघून गेले, म्हाताऱ्याला सगळं कळतं.

तू माझे आभार मानलेस. माझी पत्रं तू सगळी ठेवलीस, दुसरं न उघडताच ठेवलंस, आणि ते परवा उघडलंस, हे लिहिलंस. रडलीस, हेही. सुट्टी मिळाली की येशील आणि आपण बोलू, असं लिहिलंस. तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी काय काय दिलं असतं, त्याची यादी माझ्याकडे आहे, ती तुला दाखवायची हिंमत नाही.

आणि मग शेवटचा परिच्छेद. मोनालीनं तुला सांगितलं की मी सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या जलदाय विभागाला आणि कलेक्टरला अर्ज देणार आहे. तू लिहिलंस, "अर्ज दे. पण बाबांचं नाव काढ. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय, ते कुणाशी बोलत नाहीत. माझ्यासाठी एवढं कर."

माझ्यासाठी. हा शब्द तू पहिल्यांदा वापरलास, आणि कुठे वापरलास बघ.

मी काल दिवसभर प्रयत्न केला. खरंच. काकांचं नाव काढून अर्ज दुसऱ्यांदा लिहिला. वाचून पाहिला. त्यात उरतं काय, सांगू? एक पंपवाला होता, कॉलेज सोडलेला, डोक्यानं गरम, त्यानं नमुन्याच्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवला. त्याला काढून टाकलंय. प्रश्न मिटला. समिती स्वच्छ, रिपोर्ट स्वच्छ, आणि दोन नंबर चालू. तो आजही चालू आहे, मैथिली. तुझा भाचा कॅनचं पाणी पितो. मागच्या गल्लीत त्या बगरूहून आलेल्या, कापडावर ठसे छापणाऱ्या छिपा कुटुंबाची सून आहे, तिला सातवा महिना लागलाय. तिच्याकडे कॅन घेऊन जाणारा कुणी तिच्या बहिणीच्या प्रेमात पडलेला नाही.

सचिवानं सांगितलं म्हणून झालं, दरवर्षी होत आलं, ही ओळ असेल तरच कुणी येऊन दोन्ही बोअरचं पाणी वेगवेगळं भरेल. न सांगता येईल. चुना वाळायच्या आत. नाहीतर पुढच्या फेब्रुवारीत माझ्या जागी दुसरा कुणी टाकी धुवेल.

म्हणून मी पहिलाच अर्ज ठेवला. पहिलं नाव माझं आहे, मी काय केलं ते सविस्तर. दुसरं नाव पंढरीनाथ काकांचं. त्यांनी काय सांगितलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. त्यांनी लबाडी म्हणून केलं नाही, सवयीनं केलं, हेही लिहिलंय. कार्बन कॉपी सोबत आहे. आज संध्याकाळी मी ती काकांना नेऊन वाचून दाखवली. पाठीमागून वार केला असं तुला वाटू नये म्हणून. त्यांनी सगळी ऐकली. "सवयीनं" या शब्दावर एकदा वर पाहिलं. मग म्हणाले, "तारीख चुकलीय. नमुना चौदाला नेला होता, पंधराला नाही." मी खोडून चौदा केलं. दार त्यांनी स्वतः लावलं, हळू.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, उद्या नको, चार दिवसांनी देतो, ती येऊन गेली की. ते खाटेवर पाय पसरून बसले होते. म्हणाले, "काहून? आपली मानसं पान्यासाठी महाडले गेली होती. तुले जगतपुऱ्याहून कलेक्टरच्या हापिसात जायाले सोबत पायजे का?"

तर उद्या अकराला देतोय. तुझं पत्र मिळालं म्हणून देतोय असं नाही, आणि मिळालं तरी देतोय असं आहे. यामुळे तू येणार नसशील तर येऊ नकोस. मी टपरीवर बसणार नाही, मोनालीला छळणार नाही, शिडीवरही चढणार नाही, तशीही ती आता माझी नाही. पण मी तुला भित्री म्हणून गेलो होतो, आणि आता तुझ्यासाठी भित्रा होऊन परत आलो तर तू माझ्याशी काय बोलशील?

काकूंना सांग, यापुढे कॅन साडेआठला आणीन, आतापेक्षा अर्धा तास लवकर. वॉचमन अर्जानंतर फाटकापर्यंतही येऊ देईल की नाही माहीत नाही. नाही दिलं तर मी कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभा राहीन. त्यांना म्हणावं, वाटलं तर न्या. माझ्याशी बोलायची गरज नाही.

राजरत्न